केशवराव भोळे : गिटार आली, षड्ज राहिला

हिराबागेतल्या ज्योत्स्ना भोळे सभागृहात पुणेकर नेहमी जातात. ज्योत्स्नाबाईंचे गाणे जुन्या रसिकांच्या कानांत अजून आहे. त्यांचे पती केशवराव भोळे यांचे नाव मात्र आज पुष्कळांना नुसते ऐकून ठाऊक असते. मराठी गाण्याच्या मागे गिटार आणि पियानो वाजू शकतात, हे ज्यांनी धीटपणे दाखवून दिले, त्यांत केशवराव अग्रभागी होते.

जन्म १८९६ चा, अमरावतीचा. डॉक्टर व्हायला म्हणून ते मुंबईला आले आणि गाण्या-नाटकांत रमले. वैद्यकी मागे पडली. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी नामांकित गवयांच्या गाण्याची चिकित्सा केली. दुसऱ्यांचे सूर असे तपासून घेणाऱ्या माणसाने स्वतः चाली बांधायला घेतल्या की त्याच्याकडेही लोक भिंग घेऊनच बघणार!

ती परीक्षा १ जुलै १९३३ रोजी झाली. ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. रात्रभर चालणाऱ्या पदांची आणि ‘वन्समोअर’ची सवय असलेल्या प्रेक्षकांना इथे मोजकी, छोटी गाणी मिळाली. साथीला पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार!

या गिटारचा आपल्या गाण्याशी सोयरसंबंध जुळण्याचे कारण साधे आहे. ती आडवी ठेवून तारांवरून पोलादी सळई सरकवतात, त्यामुळे मींड निघते. अडचण येते ती कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी छेडलेल्या तीन-चार स्वरांची. सा-ग-प हा कॉर्ड आपल्या कानाला परका वाटत नाही. पण त्यातला पंचम एकच पडदा वर चढवून कोमल धैवत केला, की होतो ‘ऑगमेंटेड’ कॉर्ड. सप्तकात स्वरांच्या बारा पायऱ्या. हा कॉर्ड त्यांची बारा आण्यांसारखी वाटणी करतो, तिघांना चार-चार आणे! साध्या गिटारवर बोटांची तीच ठेवण चार पडदे पुढे नेली तरी पुन्हा तेच तीन स्वर येतात. वाटणी इतकी सारखी, की घरात थोरला कोण हे कानाला कळेनासे होते. गाणे उंबरठ्यावर अडल्यासारखे वाटते आणि पुढच्या स्वराची ओढ लागते. पाश्चात्त्य रचनाकार या कॉर्डचा उपयोग करतात तो याच हुरहुरीसाठी.

गंमत अशी, की सा, शुद्ध गंधार आणि कोमल धैवत हे तिन्ही आपल्या भैरवात आहेतच. पण तिथे ते एकामागून एक येतात, आणि तंबोरा सतत षड्ज सांगत असतो. म्हणून भैरव गंभीर होतो, अधांतरी होत नाही. परके वाद्य घेताना मराठी संगीतकारापुढे खरा पेच होता तो हा : रंग घ्यायचा, पण षड्ज हरवू द्यायचा नाही.

१९३३ साली ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्यात आली आणि केशवरावांना मोठे अंगण मिळाले. ‘अमृतमंथन’ १९३४ चा. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये त्यांनी देहूच्या मातीला शोभेल असेच संगीत दिले. शांताराम आठवले यांनी लिहिलेले त्यातले एक पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग समजून गाथेत शोधले. शब्द आठवल्यांचे, पण ही फसगत चालीशिवाय झाली नसती.

पुढच्याच वर्षी ‘कुंकू’. जरठाशी लग्न लावून दिलेल्या नीरेची ही कथा. त्यात शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची चक्क एक इंग्रजी कविता आली. मात्र याच चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. प्रसंगातल्या वस्तूंचे, घरा-रस्त्यातले आवाज तेवढे कानी येतात. ज्याच्या हाताशी एवढी वाद्ये होती, त्याने नीरेच्या दुःखाभोवती एकही तार छेडू नये, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत धाडसाचे काम वाटते.

‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४) नंतर आले. आपल्या रचनांविषयी त्यांनी ‘माझे संगीत’ हे पुस्तकही लिहून ठेवले. १९७७ साली ते गेले. ‘प्रभात’च्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. गिटार तर आज घराघरांत पोचली आहे. आपल्या घरातली नातवंडे तिच्यावर कॉर्ड धरायला शिकतात, तेव्हा शेजारी तंबोराही लावून द्यावा. केशवरावांचे काम त्यांना न सांगता कळेल.