तुरुंगात लिहिलेली आई : साने गुरुजींची आठवण



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा प्रघात आहे, आणि यंदा ते काम माझ्या वाट्याला आले. निरोप घेऊन आमच्या चिटणीसबाई आल्या तेव्हा मी तांदूळ निवडीत बसले होते. आपण सगळ्याजणी सांगतो तीच सबब मी सांगितली, की लिहावयास सवड कोठे आहे? त्या हसून निघून गेल्या. पण सूप बाजूला ठेवता ठेवता माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. कारण सवडीचे नाव काढताच मला पूज्य साने गुरुजी आठवले. दिवसा तुरुंगातील नेमून दिलेले काम, आणि रात्री व पहाटे लेखन, अशा रीतीने ज्यांनी पाच दिवसांत मराठीतील सर्वांत जास्त अश्रूंनी भिजलेले पुस्तक लिहिले, त्यांच्यापुढे माझ्या तांदळाची सबब किती टिकणार?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण जन्माच्या वेळी मोठेपण उरले होते ते नावापुरते. कर्ज वाढत गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि ज्या घरात धान्याच्या राशी पडत त्या घरात सणासुदीला पोरांना काय घालावे याची चिंता पडू लागली. या पडत्या काळात घर सावरून धरले ते त्यांच्या मातोश्री यशोदाबाईंनी. त्या काही शाळेत शिकलेल्या पंडिता नव्हत्या. पोहण्यास भिऊन माळ्यावर लपलेल्या मुलाला शिंपटीचा मार देऊन विहिरीवर पाठविणारी, आणि आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या त्याच मुलासाठी दगडावर आपला ओचा पसरून, पायाला जपतोस तसाच मनालाही जप असे सांगणारी ती बाई होती. सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमानही तिने सोसला.

शिक्षणासाठी पांडुरंगाला घर सोडावे लागले. दापोली, औंध आणि पुणे अशी त्यांची वणवण झाली. कोठे हाताने स्वयंपाक करावा, कोठे उपाशी निजावे. ते पुण्यात शिकत असतानाच २ नोव्हेंबर १९१७ रोजी आई गेली. मुलाची आणि आईची शेवटची भेट झाली नाही. तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. हे एक शल्य त्यांच्या काळजात जन्मभर राहिले, आणि पुढे त्यांनी जे लिहिले त्याचे मूळ मला तरी तेथेच दिसते.

एम. ए. होऊन १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले, आणि खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांची ते आईच झाले. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, त्यांचे कपडे धुवावेत, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढावी, ही कामे ते न सांगता करीत. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत. छपाई नाही, वर्गणी नाही. रोज लिहावयाचे आणि मुलांनी ते वाचावयाचे. १९२५ साली त्यांचे नामदार गोखल्यांचे चरित्रही प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यांच्या लेखणीला खरी धार चढली ती तुरुंगात.

१९३० साली महात्माजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरी सोडली, आणि गावोगाव व्याख्याने दिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. प्रथम धुळ्याच्या आणि मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथे निरनिराळ्या प्रांतांतले राजबंदी होते. एका देशासाठी तुरुंगात आलेले हे लोक, पण एकाची भाषा दुसऱ्यास येत नाही, ही गोष्ट गुरुजींच्या मनाला फार लागली. त्यांनी तेथे तमिळ व बंगाली भाषांचा अभ्यास केला. तमिळ लोकांना वेदासारखा पूज्य असणारा कुरल हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. सर्व प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना याच तुरुंगात रुजली.

१९३२ साली पुन्हा अटक झाली, आणि या वेळी धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी भावे यांचा सहवास लाभला. विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ असे अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकणारे पुष्कळ होते, पण ते सर्व बोलणे झरझर कागदावर उतरवून घेतले ते साने गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ अनेक भाषांतून घरोघर वाचला जातो. तो मुखाने विनोबांचा असला तरी हाताने गुरुजींचा आहे. दुसऱ्याचे शब्द इतक्या निष्ठेने लिहून घेताना आपले नाव कोठे येईल हा विचार त्यांच्या मनात आला नसेल.

पुढे त्यांना नाशिकच्या तुरुंगात हलविण्यात आले. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि सोमवार, १३ फेब्रुवारीच्या पहाटे तुरुंगातले लेखन पुरे केले. काही प्रकरणे त्यांनी मागाहून बाहेर लिहिली. पुस्तकाची मांडणी रात्रींची आहे. आश्रमातील प्रार्थनेनंतर श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री त्यात आहेत.

तुरुंगात ग्रंथ लिहिणारे गुरुजी काही एकटे नव्हेत. लोकमान्यांनी मंडालेला ‘गीतारहस्य’ लिहिले. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात भारताच्या इतिहासाचा शोध घेतला. इंग्लंडात जॉन बन्यन यांच्यासारखे धर्मोपदेशकही बंदिवासात लिहीत राहिले. एकाने तत्त्वज्ञान लिहिले, दुसऱ्याने इतिहास लिहिला. साने गुरुजींनी काय लिहिले? गजांआड बसून त्यांनी चूल लिहिली, तुळशीवृंदावन लिहिले, गोठ्यातली गाय लिहिली, आणि जिचे नाव पालगडच्या पंचक्रोशीबाहेर कोणी ऐकले नव्हते अशी एक बाई लिहिली. स्वतःच्या तुरुंगवासाची थोरवी सांगण्याची संधी हाती असताना त्यांनी ती सोडून दिली. भगिनींनो, मला हे फार मोठे वाटते, आणि का ते सांगण्यासाठी थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे माहेर लातूरचे. लग्न होऊन मी नांदेडला आले. आमचा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. १९४७-४८ सालच्या लढ्यात माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, काही महिने निजामाच्या तुरुंगात होते. रझाकारांची दहशत होती. माझी थोरली भावंडे लहान. आईने त्यांना घेऊन बार्शी लाइट रेल्वेने बार्शीचे नातलग गाठले आणि दुसऱ्यांची दळणे दळून दिवस काढले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. मग दादा सुटले, आई परतली. माझा जन्म त्यानंतरचा.

‘श्यामची आई’ या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. लातूरला तो तंबूतल्या सिनेमात मी आईच्या मांडीवर बसून पाहिला. सारा तंबू रडत होता, दादाही रडत होते. आईच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हते. घरी येताना तिने दादांना एवढेच विचारले, की तुरुंगात त्या मास्तरांना कागद कोण देत होते? दादांनी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. थोडे चालून गेल्यावर ती म्हणाली की, आत गेलेल्या एका माणसाने तरी चुलीकडचे लिहिले, हे बरे झाले.

तिच्या त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. १९७२ च्या सुमारास दादांच्या स्वातंत्र्यसैनिक म्हणून मानधनाचा अर्ज करावयाचा होता. माझे अक्षर चांगले म्हणून तो मीच लिहिला. अटकेची तारीख, तुरुंगाचे नाव, सुटकेची तारीख, साक्षीदार, सर्व रकाने मी भरले. आई शेजारीच भाकरी थापीत होती. बार्शीचे ते दिवस, ते जाते, गाडीभाड्यासाठी विकलेली नथ, यांना त्या अर्जात रकाना नव्हता. आणि मीही तिला एका शब्दाने काही विचारले नाही. आज तिला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. जे आठवते ते असे तुटक तुटक. बाकीचे तिच्याबरोबर गेले.

म्हणून मी म्हणते, गुरुजींनी नाशिकला जे केले ते काही केवळ मातृभक्तीचे गोड पुस्तक लिहिणे नव्हते. आपण ते पुस्तक मुलांना धाक घालण्यास वापरतो, सुनांना सोसण्याचे धडे देण्यासही वापरतो. पण लिहिणाऱ्याची दृष्टी तशी नव्हती. आईजवळ वेळेवर पोचू न शकलेला एक मुलगा, पंधरा वर्षांनी हाती आलेल्या थोड्या रात्रींत, तिची बाजू लिहून ठेवीत होता. सरकारने त्यांना कोंडले होते. तो कोंडलेला वेळ त्यांनी तिला दिला.

तुरुंगात लागलेली ही लिहिण्याची सवय मग सुटली नाही. कविता, कादंबऱ्या, मुलांच्या गोष्टी, चरित्रे, ‘भारतीय संस्कृती’सारखा ग्रंथ, असे विपुल लेखन त्यांनी केले. १९३८ साली अमळनेरला त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले, १९४३ साली पकडले गेले आणि १९४५ पर्यंत पुन्हा तुरुंगात राहिले. पंढरीच्या विठोबाचे दार हरिजनांना मोकळे व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. दहा दिवसांनी ते दार उघडावयाचे ठरले. आपल्या नांदेड-लातूरकडून वारीला जाणाऱ्या कितीतरी आयाबायांना त्यानंतरच विठोबाचे पाय शिवता आले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही निघत आहे.

गांधीजींच्या हत्येने आणि देशातील द्वेषाने त्यांचे मन खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. साऱ्यांचे अश्रू पुसणाऱ्याच्या मनातील काळोख जवळच्यांनाही उजळता आला नाही. हसतमुखाने इतरांसाठी राबणाऱ्या माणसाला, तुझे कसे चालले आहे असे विचारण्यास आपण विसरतो. ते आपण विसरू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या भागातली कितीतरी मुले आईविना झाली. तेव्हा गुरुजींना मानणाऱ्या राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे करून अशा मुलांना पोटाशी धरले. अमळनेरच्या छात्रालयाची वाट अशी आपल्या दारापर्यंत येऊन पोचली.

आता शेवटची एक सूचना. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत थोरांच्या चरित्राबरोबर प्रत्येकीने आपल्या आईविषयी, सासूविषयी किंवा आजीविषयी एक पान लिहून द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, लिहून घ्यावयास मी येईन. पाने सुबक नसली तरी चालतील. ज्यांच्या आई अजून आहेत त्यांनी आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसावे आणि विचारावे. सवड नाही असे मात्र कोणी म्हणू नये. माझे तांदूळ त्या दिवशी रात्री निवडून झाले, आणि हे पान पहाटे लिहून झाले.