विश्लेषण : फ्रेडी मर्क्युरीची ‘नवी’ गाणी त्याच्या मृत्यूनंतरही कशी येत राहतात?

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन झाले. तरीही १९९५, २०१४, २०१९ आणि २०२२ मध्ये त्याच्या आवाजातील गाणी वा त्यांच्या आधी कुणी न ऐकलेल्या आवृत्त्या बाजारात आल्या आणि जगभरच्या चाहत्यांनी त्या डोक्यावर घेतल्या. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या या गायकाचा आवाज इतकी वर्षे कुठे होता? तो कुणी जपला? आणि कलावंताने स्वतः बाजूला ठेवलेले काम त्याच्या पश्चात लोकांसमोर आणावे का?

झांझिबार ते पाचगणी...

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारमधील स्टोन टाउनचा. घराणे मूळ गुजरातमधील पारशी. वडील बोमी हे झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या सेवेत रोखपाल होते. फारुखला वयाच्या आठव्या वर्षी समुद्रापार पाचगणीला, सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडण्यात आले. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला याच शाळेत मिळाले. पियानोचे धडेही त्याने येथेच गिरवले. १९५८ च्या सुमारास शाळेतील पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात फ्रेडी पियानो वाजवत असे. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची रेडिओवर ऐकलेली गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत सादर करत.

क्वीनचे आणि फ्रेडीचे दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचे कितीतरी संच आजवर निघाले, पण त्यांपैकी एकातही पाचगणीतील सूर नाहीत. त्या काळातला फ्रेडी उरला आहे तो शाळासोबत्यांच्या आठवणींत आणि काही कृष्णधवल छायाचित्रांत. नंतरच्या काळातील प्रत्येक टेपला एवढे मोल का आले, हे यावरून लक्षात येते.

लंडनमध्ये ‘क्वीन’ कसा उभा राहिला?

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाने जीव मुठीत धरून इंग्लंड गाठले. लंडनजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी संसार नव्याने मांडला. फ्रेडीने ईलिंग कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले. केन्सिंग्टन मार्केटमध्ये त्याने जुन्या कपड्यांचा ठेला चालवला. या ठेल्यात त्याचा भागीदार होता ड्रमवादक रॉजर टेलर. रॉजर आणि गिटारवादक ब्रायन मे यांच्या ‘स्माइल’ या बँडचा गायक १९७० मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जागी फ्रेडी आला. बँडचे नाव ‘क्वीन’ ठेवण्याचा आग्रह त्याचाच. याच सुमारास त्याने मर्क्युरी हे आडनाव घेतले. चौघांच्या राशींवरून त्याने बँडचे बोधचिन्हही रेखाटले. १९७१ मध्ये बेसवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

त्या वर्षी लंडनच्या डी लेन ली स्टुडिओत त्यांनी नमुन्यादाखल पाच गाणी ध्वनिमुद्रित केली. ती घेऊन ते ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे उंबरे झिजवत होते. पुढे ट्रायडंट स्टुडिओत पहिला अल्बम करण्याची संधी मिळाली, पण तीही इतर कलाकारांची कामे आटोपल्यानंतर उरलेल्या वेळेत. हा अल्बम १९७३ मध्ये आला. मात्र १९७१ च्या त्या पाच नमुना गाण्यांना अधिकृत प्रकाशनासाठी २०११ साल उजाडावे लागले.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त वेगळे काय होते?

१९७५ मध्ये आलेले हे गाणे जवळपास सहा मिनिटांचे. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी वाजण्याचा तो काळ. त्यामुळे ते कापावे, असा सल्ला मिळाला, पण बँडने तो मानला नाही. गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातील ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले की टेप यंत्रातून फिरून फिरून झिजली आणि तिच्यातून आरपार दिसू लागले.

फ्रेडीच्या पश्चात ‘नवी’ गाणी कशी तयार झाली, हे समजून घेण्यासाठी हे तंत्र ध्यानात घ्यायला हवे. स्टुडिओतील टेपवर २४ पट्ट्या असत. ड्रम एका पट्टीवर, गिटार दुसरीवर, आवाज तिसरीवर. एक पट्टी तशीच ठेवून बाकीच्या पुसता येत, नव्याने भरता येत. म्हणजेच गायक निघून गेला तरी त्याच्या आवाजाची पट्टी मागे राहते आणि तिच्याभोवती गाणे पुन्हा बांधता येते.

चाहत्यांच्या आठवणी कशाशी जोडल्या आहेत?

२४ डिसेंबर १९७५ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. बीबीसीने तो दूरचित्रवाणी आणि रेडिओवरून एकाच वेळी प्रक्षेपित केला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ तेव्हा पहिल्या क्रमांकावर होते. त्या रात्री ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता, त्यांनी तो रेडिओपुढे मांडला. त्या टेपच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, टपालाने देशोदेशी गेल्या. या कार्यक्रमाच्या चोरट्या रेकॉर्डही विकल्या गेल्या. दर प्रतीगणिक खरखर वाढत गेली, तरी कित्येक चाहत्यांसाठी क्वीनचा खरा आवाज तोच होता. अधिकृत अल्बम आला तो २०१५ मध्ये, म्हणजे तब्बल ४० वर्षांनी.

लंडनच्याच रेनबो थिएटरमधील १९७४ च्या कार्यक्रमांची कथाही अशीच. तेव्हाच त्यांचा अल्बम काढण्याचा विचार होता, तो बारगळला. मार्चमधील कार्यक्रमाची चोरटी रेकॉर्ड मात्र चाहत्यांच्या हातोहात फिरली. अधिकृत संच निघाला २०१४ मध्ये. बीबीसीसाठी १९७३ ते १९७७ दरम्यान केलेली सहा ध्वनिमुद्रणे पूर्ण स्वरूपात २०१६ मध्ये एकत्र आली.

असे संच हाती आले की जुन्या चाहत्यांची ऐकण्याची तऱ्हा वेगळी असते. आपल्या कॅसेटवर जिथे बाजू संपून गाणे तुटायचे, तिथे आता पुढे काय आहे, हे ते आधी ऐकतात. आवाज जास्त स्वच्छ केला, तर नाराजही होतात. १९७० च्या दशकापासून सुरू असलेल्या क्वीनच्या चाहता मंडळाने आणि अशा संग्राहकांनी कोणता कार्यक्रम कधी झाला, कुठे कोणती ओळ बदलली, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. बँडच्या अधिकृत दप्तराचे काम सुरू होण्याआधीपासून हे दप्तर घरोघरी तयार होत होते.

शेवटची वर्षे कशी गेली?

१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवरील ‘लाइव्ह एड’मध्ये क्वीनने जेमतेम २० मिनिटांत अख्खे स्टेडियम जिंकले. पुढच्या वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थ येथे लाखाहून अधिक श्रोत्यांपुढे झालेला कार्यक्रम फ्रेडीचा क्वीनसोबतचा अखेरचा ठरला. १९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. या आजाराभोवती तेव्हा प्रचंड भीती आणि बदनामी होती. फ्रेडीने हे जवळच्या मोजक्या माणसांपलीकडे कळू दिले नाही. दौरे थांबले, स्टुडिओतील काम मात्र वाढले. स्पॅनिश ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये यांच्यासोबतचा ‘बार्सिलोना’ १९८८ मध्ये आला, ‘द मिरॅकल’ १९८९ मध्ये आणि ‘इन्युएन्डो’ १९९१ च्या फेब्रुवारीत.

‘इन्युएन्डो’ झाल्यावरही तो थांबला नाही. स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथे जिनिव्हा सरोवराकाठी क्वीनचा स्वतःचा स्टुडिओ होता. १९९१ च्या मे महिन्यात, चालणेही कठीण झालेले असताना, फ्रेडी तेथे गात होता. गाणे पुरते बांधून होईपर्यंत थांबण्याइतका वेळ हाताशी नव्हता. ड्रम यंत्राच्या साध्या ठेक्यावर तो आवाज भरत असे. बाकीचे सहकाऱ्यांनी नंतर पूर्ण करायचे, हे ठरलेलेच होते. ‘मदर लव्ह’ हे त्याने ध्वनिमुद्रित केलेले शेवटचे गाणे. अखेरचे कडवे नंतर येऊन गाईन म्हणून तो गेला, पण परतू शकला नाही. २३ नोव्हेंबर रोजी त्याने एड्स झाल्याचे निवेदनाद्वारे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी केन्सिंग्टनमधील राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाले.

‘मेड इन हेवन’ कसा तयार झाला?

उरलेल्या तिघांनी मॉन्त्रोच्या टेप काढल्या, त्यांना जुन्या टेपची जोड दिली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ हा अल्बम आणला. त्यातील सगळी गाणी शेवटच्या दिवसांतील नाहीत. काही फ्रेडीच्या १९८५ च्या स्वतंत्र अल्बममधील असून त्यांना क्वीनने नवी साथ दिली. एका गाण्याचे मूळ १९८० मध्ये म्युनिकमध्ये पियानोवर सहज छेडलेल्या सुरांत आहे. ‘मदर लव्ह’चे राहिलेले कडवे ब्रायन मे यांनी गायले. गाणे तिथे संपत नाही. शेवटी वेम्ब्लीच्या गर्दीसोबतचा फ्रेडी ऐकू येतो आणि पाठोपाठ क्वीनचा पहिला अल्बम येण्याआधी त्याने दुसऱ्याच नावाने गायलेल्या एका गाण्याचा तुकडा. अवघी कारकीर्द अशी उलट्या क्रमाने काही सेकंदांत कानांवरून जाते. अनेक चाहते हे गाणे आजही एका बैठकीत ऐकू शकत नाहीत, ते यामुळेच.

२०१९ आणि २०२२ मध्ये काय सापडले?

संगीतकार-निर्माते डेव्ह क्लार्क यांच्या ‘टाइम’ या संगीत नाटकासाठी फ्रेडीने १९८६ मध्ये अॅबी रोड स्टुडिओत एक गाणे गायले होते. प्रकाशित गाण्यात वाद्यांचा आणि साथीच्या आवाजांचा मोठा भरणा होता. क्लार्क यांच्या मनात मात्र त्याची केवळ पियानोवर केलेली पहिली तालीम घर करून राहिली होती. तिचा त्यांनी अनेक वर्षे शोध घेतला. ती सापडली आणि जून २०१९ मध्ये ‘टाइम वेट्स फॉर नो वन’ या नावाने प्रकाशित झाली.

‘फेस इट अलोन’ हे ‘द मिरॅकल’च्या वेळचे, १९८८ मधील गाणे. त्या सत्रांत सुमारे ३० गाण्यांवर काम झाले, त्यातील मोजकीच अल्बममध्ये गेली. हे गाणे विस्कळीत असल्याने जुळवता येणार नाही, असे बँडलाच वाटत होते. तंत्रज्ञांनी तुकडे सांधून ते उभे केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते आले. पुढच्या महिन्यात निघालेल्या संचात स्टुडिओतील चौघांचे बोलणेही आहे. थट्टा, कुरबुरी, चुकलेली सुरुवात, पुन्हा एकदा घेऊ या, असे सगळे. कित्येकांना नव्या गाण्यांपेक्षा हेच अधिक भावले. मंचावरचा फ्रेडी सगळ्यांनी पाहिला होता, कामाच्या टेबलावरचा नव्हता.

अपूर्ण काम लोकांसमोर आणावे का?

यावर चाहत्यांतच दोन मते आहेत. फ्रेडी कामाच्या बाबतीत अतिशय काटेकोर होता. मनासारखे झाले नाही ते त्याने बाजूला ठेवले. मग ते त्याच्या पश्चात का काढायचे, असा एक प्रश्न. बाजारालाही दर काही वर्षांनी नवा संच हवाच असतो. २०२३ मध्ये लंडनमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा त्याचा पियानो १७ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या हस्तलिखितावर आधी वेगळेच शीर्षक लिहून खोडलेले होते, तेही १३ लाख पौंडांपुढे गेले. खाडाखोडीचेही मोल होते, ते असे.

दुसरी बाजू अशी की सगळ्याच टेप एका मापाने मोजता येत नाहीत. मॉन्त्रोमधील आवाज फ्रेडीने मागे राहणाऱ्यांसाठी जाणूनबुजून भरून ठेवला होता. ‘मेड इन हेवन’ त्याच्या इच्छेच्या विरोधात नाही, तर इच्छेनुसार झाला. १९७५ चा ओडियनचा कार्यक्रम तर लाखोंनी थेट ऐकलेलाच होता. ‘फेस इट अलोन’सारखे सोडून दिलेले गाणे मात्र वेगळ्या प्रकारात मोडते. तिथे निर्णय फ्रेडीचा नव्हता, मागे राहिलेल्या सहकाऱ्यांचा होता. तो योग्य ठरतो तो एवढ्यापुरताच की गाणे अपूर्ण होते, हे त्यांनी लपवले नाही.

म्हणूनच असा संच ऐकताना तारीख पाहावी. आवाज कोणत्या वर्षाचा, साथ कोणत्या वर्षाची, आणि हे बाहेर यावे असे गाणाऱ्याला वाटत होते का, या तीन गोष्टी कळल्या तर ‘नवे गाणे’ या जाहिरातीमागचे खरे काम ऐकू येते. ‘मदर लव्ह’मध्ये तर ते लपतही नाही. अखेरच्या कडव्याला आवाज बदलतो आणि फ्रेडी कुठपर्यंत पोहोचला होता, ते कळते.