पंखांची परीक्षा

ऑटो लिलिएंटाल याचा जन्म १८४८ साली जर्मनीतील आंक्लाम या गावी झाला. करकोच्यासारखा जड पक्षी पंख न हालविता वाऱ्यावर कसा तरंगतो, हे कोडे त्यास व धाकटा भाऊ गुस्टाव यास बालपणीच पडले. पुढे ऑटो यंत्रविद्या शिकला. दोघा भावांनी एक फिरता दांडा तयार केला. त्यास निरनिराळे पंख बांधावयाचे आणि वारा त्यांना किती उचलून धरतो, हे मोजावयाचे! सपाट पंखापेक्षा किंचित बाक दिलेला पंख अधिक भार तोलतो, असे त्यांस आढळले. हे आकडे ऑटोने १८८९ साली प्रसिद्ध केले.

पण आकड्यांची खरी परीक्षा हवेतच व्हावयाची. १८९१ पासून तो कापडी पंखांच्या ग्लायडरमधून टेकड्यांवरून झेप घेऊ लागला. ग्लायडरला इंजिन नसते. अंग झुकवून तोल सांभाळावयाचा, एवढाच उपाय. अशी सुमारे दोन हजार उड्डाणे त्याने केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने ग्लायडर हवेतच थबकले व सुमारे १५ मीटरांवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्याचे निधन झाले.

ती वार्ता अमेरिकेत राइट बंधूंनी वाचली. १९०० साली त्यांनी आपले पहिले मोठे ग्लायडर बांधले, ते त्याच्याच आकड्यांवरून.