ताराबाई मोडक : अंगणात गेलेली शाळा

महाराष्ट्राबाहेर राहून मोठे कार्य उभारणाऱ्या मराठी व्यक्तींचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी वर्षी करताना आम्हांस कै. ताराबाई मोडक यांची आठवण प्रकर्षाने होते.

मुंबईच्या केळकर कुटुंबात १८९२ साली त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना लाभले. ते मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत दाखल झाल्या. गुजराती भाषा त्यांनी आपलीशी केली. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देणे आणि त्यासाठी शिक्षक घडविणे, हेच त्यांचे जीवितकार्य ठरले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

परंतु शहरातील यशावर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने व माती आली. गरीब वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा आईबापांना बोल न लावता ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजात गेले. तेथील मोठी मुले गुरे राखीत, नाहीतर धाकटी भावंडे सांभाळीत. म्हणून कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही उभी राहिली. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा अर्थच येथे पालटला. वर्ग सांभाळण्याआधी तिने पाडा ओळखावयाचा होता. शिक्षण अंगणात होऊ लागल्याने ते आईबापांच्या डोळ्यांदेखत घडू लागले. घर आणि शाळा यांतील भिंत उरली नाही.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण लाभले. १९७३ साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या केंद्रीय योजनेतून ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले.

मुलांना मराठी येत नाही, अशी खंत आम्ही परप्रांतस्थ वारंवार बोलून दाखवितो आणि मंडळाच्या वर्गाकडे बोट दाखवितो. ताराबाईंचे चरित्र आम्हांस आमच्याच अंगणाकडे वळून पाहावयास लावते. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या आईबापांचे अंगण जर शाळा होऊ शकले, तर आमचे का होऊ नये?