महात्मा च्वांग त्झु : गोष्टींतून मार्ग सांगणारा चिनी साधक

कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण चालू असताना श्रोत्यांपैकी काहींचे डोळे मिटू लागतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. तेच श्रोते उत्तररंगात आख्यान सुरू होताच सावरून बसतात. मनुष्यस्वभावच असा आहे. सिद्धांत त्याच्या कानापर्यंत पोहोचतो, गोष्ट मात्र त्याच्यासोबत घरापर्यंत जाते. हे मर्म आपल्या संतांनी ओळखले होते. चीन देशातही सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी एका साधकाने ते ओळखले. त्याने आपले जवळजवळ सर्व तत्त्वज्ञान कल्पित गोष्टींतून सांगितले, आणि त्या गोष्टींच्या पोटात ध्यानाची शिकवण ठेवली. त्याचे नाव च्वांग त्झु. त्याचे अल्पचरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

च्वांग हे त्याचे कुलनाम, चौ हे त्याचे व्यक्तिनाम. त्झु ही आपल्याकडील आचार्य या शब्दासारखी आदराची उपाधी आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 369 ते 286 असा धरण्यात येतो. त्याच्या जीवनाची माहिती फार थोडी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सी-मा छ्यान या थोर इतिहासकाराने आपल्या बृहद्ग्रंथात त्याच्यावर एक छोटेसे टिपण लिहिले आहे. बाकी सारे त्याच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथातूनच वेचावे लागते. आणि त्या ग्रंथात खरे किती व रचलेले किती, हे वेगळे काढणे कठीण. आपल्या संतचरित्रांच्या वाचकांना ही अडचण नवीन नाही.

तो काळ मोठा धामधुमीचा होता. चीनमध्ये अनेक राज्ये एकमेकांशी झुंजत होती. इसवी सनापूर्वी 475 पासून 221 पर्यंतच्या या कालखंडास युद्धमान राज्यांचा काळ असेच म्हणतात. प्रत्येक राजा विद्वानांना जवळ करीत असे, आणि विद्वानही राज्य कसे वाढवावे, शत्रू कसा जिंकावा याचे सल्ले देत एका दरबारातून दुसऱ्या दरबारात फिरत. बुद्धीला बाजारभाव आला होता. अशा काळात सोंग राज्यातील मेंग नावाच्या गावी च्वांग त्झुचा जन्म झाला.

सी-मा छ्यान सांगतो की, तो काही काळ रोगणाच्या बागेवर एक लहानसा अधिकारी होता. हे रोगण म्हणजे आपल्याकडील किड्यांपासून होणारी लाख नव्हे. चीनमध्ये एका झाडाच्या सालीला चिरा पाडून त्यातून वाहणारा चीक गोळा करतात आणि तो भांड्यांवर, पेट्यांवर व लाकडी वस्तूंवर थरावर थर चढवतात. त्याने लाकूड चकाकते व पुष्कळ काळ टिकते. च्वांग त्झुच्या ग्रंथात एक विचार पुन्हा पुन्हा येतो. उपयोगी झाडाला त्याचा उपयोगच भोवतो. रोगणाचे झाड कामाचे, म्हणून त्याला चिरतात. फळझाड गोड, म्हणून त्याच्या फांद्या मोडतात. आणि वेडेवाकडे, गाठींनी भरलेले, सुताराने नाकारलेले झाड मात्र शेकडो वर्षे उभे राहून वाटसरूंना सावली देते. रोज त्या चिरा पाहणाऱ्या माणसाला हा विचार सुचला असावा, असे आम्हांस वाटते.

पुढे त्याचे दारिद्र्य काही फिटले नाही. तो एका अरुंद गल्लीत वहाणा विणून पोट भरीत असल्याचा उल्लेख आहे. एकदा तो वेईच्या राजासमोर ठिगळे लावलेल्या जाड्याभरड्या वस्त्रात व दोरीने बांधलेल्या पादत्राणांत उभा राहिला. राजाने त्याच्या दुर्दशेबद्दल विचारले. त्यावर ही गरिबी आहे, दुर्दशा नव्हे, असे त्याने सांगितले. ज्ञान असून ते आचरणात आणता न येणे ही खरी दुर्दशा, आणि असा काळ आणणारे राज्यकर्तेच होत, हेही त्याने आडवळणाने सुचविले.

दुसऱ्या एका वेळी घरात धान्य नव्हते म्हणून तो एका अधिकाऱ्याकडे उसने मागावयास गेला. करवसुली झाली की तीनशे मोहरा देतो, असे गोड आश्वासन मिळाले. च्वांग त्झु रागावला, पण रागही त्याने गोष्टीतच सांगितला. वाटेत गाडीच्या चाकोरीत एक मासा तडफडत होता व ओंजळभर पाणी मागत होता. आपण त्याला सांगितले की, दक्षिणेकडील राजांना भेटून मोठी नदी इकडे वळवून आणतो. तेव्हा मासा म्हणाला की, मग मला सुक्या मासळीच्या दुकानातच शोधा. दानधर्माची आश्वासने देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

इतक्या गरिबीत एके दिवशी भाग्य दाराशी आले. चू हे दक्षिणेकडील बलाढ्य राज्य. तेथील वेई नावाच्या राजाने च्वांग त्झुची कीर्ती ऐकून सहस्र मोहरांचा नजराणा व प्रधानपद देऊ केले. च्वांग त्झु हसला. यज्ञासाठी राखलेल्या बैलाला वर्षानुवर्षे उत्तम चारा मिळतो, अंगावर भरजरी झूल पडते. पण ज्या दिवशी त्याला मंदिराकडे नेतात, त्या दिवशी त्याला आपण चिखलातील डुकराचे पोर असतो तर बरे, असे वाटले तरी उपयोग नसतो, असे त्याने दूतांना ऐकविले. ग्रंथात हाच प्रसंग दुसऱ्या रीतीने आला आहे. तेथे तो पू नदीच्या काठी गळ टाकून बसला आहे. राजाच्या देवघरात जपलेल्या, मरून तीन हजार वर्षे झालेल्या पवित्र कासवाविषयी तो दूतांना विचारतो. त्या कासवाला मेल्यावर पूजा हवी होती, की जिवंतपणी चिखलात शेपूट ओढीत फिरणे हवे होते? दूत खरे तेच बोलतात, आणि च्वांग त्झु त्यांना परत पाठवितो.

त्याचा एक जिवलग मित्र होता, हुई शी. हा मोठा तार्किक व लियांगच्या राजाचा प्रधान. दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध, पण एकावाचून दुसऱ्याला करमत नसे. च्वांग त्झु आपले प्रधानपद घ्यावयास आला आहे, अशी आवई उठताच हुई शीने तीन दिवस व तीन रात्री त्याचा शोध करविला. तेव्हा च्वांग त्झु स्वतःच त्याच्याकडे गेला आणि त्याला एक गोष्ट सांगितली. निर्मळ झऱ्याखेरीज कोठेही पाणी न पिणारा एक दिव्य पक्षी आकाशातून चालला असता, कुजका उंदीर धरून बसलेले घुबड आपला घास जाईल या भीतीने ओरडले. याहून कठोर उत्तर कोणते असेल? तरीही मैत्री तुटली नाही. पुढे हाओ नदीच्या पुलावर उभे राहून मासे आनंदात आहेत की नाहीत, आणि ते आपणांस कळते कसे, यावर या दोघांनी घातलेला वाद चीनमध्ये अजून आठवला जातो.

आता त्याच्या साधनेकडे वळू. लाओ त्झुप्रमाणेच च्वांग त्झुही ताओचा उपासक. ताओ म्हणजे मार्ग. सर्व सृष्टी जिच्यातून निघते व जिच्यात परतते ती अनाम गती. तिच्याशी एकरूप होण्यासाठी काय करावे, हे सांगताना त्याने मौज केली आहे. आपल्या जन्मापूर्वी शतकाहून अधिक काळ आधी निवर्तलेले आचार्य कन्फ्यूशियस व त्यांचा आवडता शिष्य यान हुई यांना त्याने आपल्या गोष्टीतील पात्रे बनविले. एका गोष्टीत यान हुई एका जुलमी राजाला सुधारावयास निघतो. गुरू त्याला थांबवून मनाचा उपवास करावयास सांगतात. अन्नाचा उपवास शिष्याला ठाऊक असतो, हा मात्र नवा. यात कानांचे ऐकणे सोडावयाचे, मनाचे तर्क सोडावयाचे आणि केवळ रिकाम्या, शांत प्राणाने ऐकावयाचे. कारण मार्ग रिकाम्या जागीच वस्तीला येतो. दुसऱ्या गोष्टीत यान हुई गुरूकडे पुन्हा पुन्हा येऊन आपली प्रगती सांगतो. प्रथम तो दया व न्याय विसरतो, मग विधी व संगीत विसरतो, आणि शेवटी बसल्या जागी सर्वच विसरतो. देह गळून पडतो, बुद्धी मावळते, आणि तो त्या विराटाशी एक होतो. हे ऐकून गुरूच शिष्याचे शिष्यत्व मागतात! बसून विसरणे हे नाव पुढे ताओपंथीयांच्या ध्यानपद्धतीला कायमचे चिकटले.

हे ध्यान केवळ डोळे मिटून करावयाचे नव्हते. एक खाटीक एकोणीस वर्षे एकच सुरी वापरतो आणि तिची धार नवीच राहते, कारण तो हाडांवर घाव न घालता सांध्यांमधील पोकळीतून सुरी नेतो. राजा त्याच्याकडून जगावे कसे हे शिकतो. हातातील कामात मन बुडाले की कर्म आणि ध्यान वेगळे राहत नाहीत, हा त्यातील आशय गीता ऐकणाऱ्यांना परका वाटू नये. फुलपाखराच्या स्वप्नाची गोष्ट तर जगप्रसिद्ध आहे. च्वांग चौला आपण फुलपाखरू झालो असे स्वप्न पडले. जागा झाल्यावर आपण फुलपाखरू झालेला माणूस, की माणूस झालेले फुलपाखरू, हे त्याला ठरविता येईना. आपल्याकडील वेदान्ती येथे लगेच निर्णय देईल. च्वांग त्झु निर्णय देत नाही. तो प्रश्न तसाच ठेवून पुढे जातो.

त्याच्या चरित्रातील एक प्रसंग प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो रुचला नाही, हे येथे कबूल करतो. त्याची पत्नी वारली. हुई शी समाचारास आला तर हा पाय पसरून, पालथे भांडे वाजवीत गात बसलेला! जिने संसार केला, मुले वाढविली, जी तुझ्याबरोबर म्हातारी झाली, तिच्यासाठी न रडणे एक वेळ समजेल, पण गाणे? मित्राचा हा प्रश्न तोच आमचाही होता. पौरोहित्य करणाऱ्याच्या घरी जन्म झाल्यामुळे दहाव्या-तेराव्याच्या घरी वडिलांबरोबर बसण्याचे प्रसंग आम्हांवर अनेकदा आले आहेत. तेथील रडे ज्याने ऐकले आहे, त्याला हे गाणे निर्दयपणाचे वाटावयाचेच.

परंतु च्वांग त्झुचे उत्तर नीट वाचले पाहिजे. ती गेली तेव्हा प्रथम आपणही दुःखाने व्याकूळ झालो, असे तो मान्य करतो. मग त्याने मागे वळून पाहिले. जन्मापूर्वी ती नव्हती. तिला आकार नव्हता, प्राणही नव्हता. अव्यक्तातून प्राण आला, प्राणातून आकार, आकारातून जीवन, आणि आता मृत्यू. एका ऋतूमागून दुसरा यावा तसा. ती विश्वाच्या विशाल दालनात शांत झोपली असता आपण आक्रोश करणे हे अज्ञान, असे पटल्यावर तो थांबला. म्हणजे गाण्याच्या आधी अश्रू होते. जो रडलाच नाही त्याचे गाणे पोकळ. जो रडून, विचार करून गाण्यापर्यंत आला त्याचे गाणे हेच ज्ञान. शोक करणाऱ्याला पहिल्याच दिवशी आत्म्याचे अमरत्व सांगू लागणारे आम्ही, आधी त्याच्या शेजारी गप्प बसावयास शिकलो तर बरे होईल.

त्याचे अंतःकरण कोरडे नव्हते, याला आणखी एक पुरावा आहे. हुई शी वारल्यानंतर एकदा त्याच्या थडग्यावरून जाताना च्वांग त्झुने सोबत्यांना एका कारागिराची गोष्ट सांगितली. मित्राच्या नाकाच्या शेंड्यावर लागलेला, माशीच्या पंखाएवढा पातळ चुन्याचा ठिपका तो कुऱ्हाडीच्या एका फटक्यात उडवी, आणि मित्र निश्चल उभा राही. राजाने तो खेळ पाहावयास मागितला तेव्हा कारागीर म्हणाला की, हात अजून आहे, पण तसा उभा राहणारा गेला. आपलेही तसेच झाले, आता बोलावे असे कोणी उरले नाही, असे च्वांग त्झुने सांगितले. आयुष्यभर ज्याच्याशी भांडला, त्याच्याचसाठी ही आर्त स्मृती!

स्वतःचा अंत जवळ आला तेव्हा शिष्यांनी थाटाचा अंत्यविधी करण्याचे ठरविले. त्याने नकार दिला. आकाश व पृथ्वी हीच आपली शवपेटी, सूर्यचंद्र व तारे हीच रत्ने; आणखी काय हवे? कावळे व घारी देह खातील, या शिष्यांच्या भीतीवर तो हसला. वर ठेवाल तर कावळे खातील, पुराल तर मुंग्या खातील. एकाचे काढून दुसऱ्याला देण्याचा पक्षपात कशाला, असे विचारून त्याने डोळे मिटले.

त्याच्या नावाने चाललेला ग्रंथ आज 33 अध्यायांचा आहे. इसवी सन 312 मध्ये वारलेल्या कुओ श्यांग या भाष्यकाराने त्याला हे रूप दिले. पहिले सात अध्याय त्याचे स्वतःचे, व बाकीचे बव्हंशी शिष्यपरंपरेचे, असे सामान्यतः मानले जाते. इसवी सन 742 मध्ये तांग घराण्यातील बादशहाने च्वांग त्झुला सिद्धपुरुषाची पदवी दिली आणि त्याचा ग्रंथ धर्मग्रंथांत गणला. जिवंतपणी ज्याने राजाचा नजराणा नाकारला, त्याला हजार वर्षांनी तो स्वीकारावाच लागला! भारतातून ध्यान हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला, तेथे छान झाला, व जपानात झेन झाला. त्या पंथाच्या घडणीत च्वांग त्झुच्या विचारांचा वाटा मोठा, असे अभ्यासक सांगतात. मॅक्समुल्लर यांच्या ज्या ग्रंथमालेत 1882 मध्ये आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर निघाले, त्याच मालेत 1891 मध्ये च्वांग त्झुचा ग्रंथही इंग्रजीत आला. दोन दूरच्या देशांचे ज्ञान अशा रीतीने एका फडताळात शेजारी बसले.

वाचकहो, आपल्याही घरी मुलाने उपयोगी व्हावे, मोठ्या पदावर बसावे, अशी इच्छा असते, आणि ती गैर नाही. परंतु पदाची झूल अंगावर घेण्यापूर्वी ती कोठे नेणार आहे, एवढे विचारण्याची सवय या वहाणा विणणाऱ्या साधकाकडून घ्यावी. दिवसातून थोडा वेळ मनाला उपवास घडवावा. आणि ज्याच्याशी मनमोकळा वाद घालता येतो असा एखादा मित्र असेल, तर तो हयात आहे तोवरच त्याच्याकडे जाऊन यावे.