विश्लेषण : ‘गेन’ वाढवूनही सूर का हरवत नाही? जिमी हेंड्रिक्स यांनी काय साधले?

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीतली वरातीची बेंजो पार्टी असो वा मुंबईचा रॉक बँड, ॲम्प्लिफायरची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली की आवाज वाढतो, पण सुरांचा गोंधळ होतो. या फाटक्या आवाजातून संगीत काढणारे सर्वांत गाजलेले वादक म्हणजे जिमी हेंड्रिक्स.

हेंड्रिक्स कोण होते?

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिले वाद्य होते कचऱ्यात सापडलेले एका तारेचे युकुलेली. पुढे साधी गिटार पाच डॉलरला मिळाली. १९६१ मध्ये ते लष्करात छत्रीधारी सैनिक झाले. १९६२ मध्ये तेथून बाहेर पडले. त्यानंतर लिटल रिचर्ड, आयझ्ली ब्रदर्स यांच्यामागे साथीदार म्हणून वाजवत त्यांनी उमेदवारी केली. सप्टेंबर १९६६ मध्ये चॅस चँडलर यांनी त्यांना लंडनला नेले आणि नशीब पालटले.

लंडनमध्ये काय सापडले?

जिम मार्शल यांचे १०० वॉटचे ॲम्प्लिफायर. मार्शल मूळचे ड्रमवादक व वाद्यविक्रेते. हेंड्रिक्स यांचे ड्रमवादक मिच मिचेल हे त्यांचेच शिष्य. त्याच ओळखीतून ही यंत्रे हेंड्रिक्स यांच्या मंचावर आली. योगायोग असा, की हेंड्रिक्स यांचेही पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स.

आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय?

व्हॉल्व्हला पेलवेल त्यापेक्षा मोठा संकेत दिला, की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात. त्यातून मूळ सुरात नसलेले उपस्वर तयार होतात आणि सूर लांबतो. थोडे छाटले तर आवाज भरदार, फार छाटले तर सगळे स्वर एकमेकांत मिसळतात. त्यातच खर्ज वाढवला, तर आघाताची धार जाते.

मग त्यांनी काय केले?

ॲम्प्लिफायर मोठा ठेवून लगाम गिटारवरच्या बटणात घेतला. फझ फेस हे पेडल सुरू असतानाही गिटारचा आवाज थोडा उतरवला, की स्वर निवळतो. पुन्हा चढवला की गरजतो. डावखुरे असल्याने ते उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तारा बदलून लावत. त्यामुळे तिरका पिकअपही उलटा होई, खर्जाच्या तारा अधिक टोकदार आणि वरच्या तारा मऊ वाजत. स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा कंपित करतो, तो ‘फीडबॅक’ इतरांना दोष वाटे. हेंड्रिक्स यांनी स्पीकरपासूनचे अंतर बदलत त्याला सुरात बांधले.

जगाने दखल कधी घेतली?

जून १९६७ मध्ये मॉन्टेरी महोत्सवात त्यांनी गिटार पेटवली, ते छायाचित्र जगभर गेले. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वूडस्टॉकला अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवताना त्याच फाटक्या आवाजातून बॉम्ब आणि विमानांचे भास उभे राहिले. व्हिएतनाम युद्ध तेव्हा सुरूच होते.

अखेर कशी झाली?

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःचा ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओ उभारला. ऑगस्ट १९७० अखेरीस तो सुरू झाला. मात्र तीनच आठवड्यांत, १८ सप्टेंबरला, लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्यांचे निधन झाले. वय अवघे २७ होते. स्वतःच्या नावाने त्यांना जेमतेम चार वर्षे मिळाली.

आजच्या वादकाने काय घ्यावे?

आजच्या हाय-गेन ॲम्प्लिफायरमध्ये हेंड्रिक्स यांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त गेन असतो. म्हणून गेन अर्ध्याच्या खालून सुरू करावा, खर्ज आवरावा, मिडल मात्र पुसू नये, कारण गिटार बँडमध्ये ऐकू येते ती त्याच पट्ट्यात. उरलेले काम बोटांचे आणि गिटारवरच्या बटणाचे.