आकाशातून नाडीपरीक्षा

माड आजारी पडल्याचे बागायतदाराला कळते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. झावळ्या पिवळ्या पडू लागतात, फळ कमी धरते, आणि बुंध्याशी उभे राहून वर पाहण्याखेरीज हाती फारसे काही उरत नाही. मी अलिबागकडचा. आमच्याकडे माड म्हणजे घरचा कर्ता मुलगा. त्यामुळे भारतीय दूरसंवेदनाचे जनक मानले गेलेले प्रा. पिशारथ राम पिशारोटी यांच्या चरित्रातला नारळाचा प्रसंग मला त्यांच्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा मोठा वाटतो.

पिशारोटींचा जन्म १९०९ सालचा, केरळातल्या कोल्लंगोडचा. पदार्थविज्ञान शिकून ते प्राध्यापक झाले आणि सुट्टीच्या दिवसांत बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करू लागले. प्रकाशाकडे पाहण्याची दृष्टी त्यांना तिथे मिळाली असावी, असे मला वाटते. पुढे ते हवामान खात्यात गेले. कॅलिफोर्नियात जेकब ब्यर्कनेस या थोर हवामानशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी १९५४ साली डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचे ते संचालक झाले. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आम्हा गावकऱ्यांच्या परिचयाची. पण तिथला कारभार एके काळी या माणसाने पाहिला, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था उभी राहिली, तिचेही ते पहिले संचालक.

१९६७ साली ते निवृत्त झाले. एवढ्या नोकरीनंतर दुसऱ्या कोणी नातवंडांत मन रमवले असते. पण डॉ. विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला बोलावून घेतले आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी नवे शास्त्र हाती घेतले. आयुष्यभर ढगांकडे पाहिलेला माणूस आता वरून जमिनीकडे पाहू लागला.

त्या काळी केरळातल्या माडांना मूळकुजव्या मर रोगाने ग्रासले होते. हा रोग झाडाला लगेच मारत नाही, वर्षानुवर्षे खंगवतो. एकेक झाड तपासत लाखो माडांचा हिशेब कसा लावायचा? १९७० साली पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांची छायाचित्रे घेतली, तीही अवरक्त किरण टिपणाऱ्या खास फिल्मवर. रोगट माड त्या चित्रांत निरोगी माडांपासून वेगळे ओळखू आले. भारतातल्या दूरसंवेदनाचा श्रीगणेशा झाला तो असा, एका आजारी झाडापासून. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह आकाशात गेला तो १९७२ साली, म्हणजे यानंतर दोन वर्षांनी!

यामागचे शास्त्र समजायला अवघड नाही. पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला तांबडा रंग शोषून घेते आणि त्यावर अन्न तयार करते. अवरक्त किरण मात्र पानाला नको असतात. निरोगी पानातल्या पेशींची रचना ते मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान खंगले की हे गणित बिघडते. आपल्या डोळ्यांना अवरक्त किरण दिसत नाहीत, म्हणून झाड हिरवेगार वाटत राहते. फिल्मला मात्र ते दिसतात.

पुढे उपग्रहांनी याच दोन प्रकाशांची तुलना करून साऱ्या पृथ्वीच्या हिरवाईचे मोजमाप सुरू केले. मार्च १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रहही या कामाला लागला. हिरवे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. हवाई बेटांवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून या वायूची मोजणी चालवली होती. उत्तर गोलार्धात झाडे पालवली की तो घटतो आणि पानगळीनंतर वाढतो, असे त्यांच्या आलेखात दिसत होते. १९८६ साली कॉम्प्टन टकर, इनेझ फंग, कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने उपग्रहाने टिपलेली हिरवाई त्या आलेखाशेजारी ठेवली. दोहोंचा मेळ बसला. पृथ्वीचा श्वासच जणू आकाशातून दिसू लागला.

आज या मोजणीला पैशाचेही मोल आले आहे. कुणाच्या झाडांनी किती कर्ब साठवला, यावर करार होतात. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नासाच्या उपग्रहांच्या नोंदींवरून जगाची हिरवाई वाढल्याचे आणि त्यात चीन व भारत आघाडीवर असल्याचे दिसले. आपल्याला आनंद झाला. पण भारतातली ही वाढ मुख्यतः शेतीची आहे, जंगलाची नव्हे. उसाचा फडही वरून हिरवा दिसतो आणि सह्याद्रीतली देवराईसुद्धा. फडाने ओढलेला बराचसा कर्ब वर्षा-दीड वर्षात पुन्हा हवेत जातो. देवराईतला जुना वृक्ष तो शतकभर खोडात आणि मुळांत सांभाळतो. नुसत्या हिरव्या रंगावर हिशेब मांडला, तर देवराई तोडून फड लावणाराही पुण्यवान ठरेल.

म्हणून उपग्रहाच्या चित्राला जमिनीवरच्या पडताळ्याची जोड लागते. झाड कोणते, खोडाचा घेर किती, माती कशी, हे कुणीतरी चिखल तुडवत जाऊन पाहावेच लागते. वैद्य नाडी दुरून ओळखेल, पण रोग्याला एकदा तरी हात लावावा लागतोच.

१९७० साली पद्मश्री आणि १९८९ साली जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेले पिशारोटी २००२ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांनी आकाशातून पाहिले ते शेतकऱ्याचे एकेक झाड. आज आपण उपग्रहातून साऱ्या पृथ्वीचा कर्ब मोजतो आहोत. त्या मोठ्या आकड्यांत ते एकेक झाड हरवू न देणे, हीच त्यांच्या विद्येची खरी जपणूक ठरेल.